पाहुण्यांना सोलापूर दाखवायला निघालो आणि एका कुलपाशी अडलो

बाळीवेसकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, कालच्या रविवारी मावसबहीण, तिचे यजमान आणि तिच्या सासूबाई असे तिघं नाशिकहून आले होते. बेत सगळ्यांचा असतो तोच. शनिवारी तुळजापूर, रविवारी पहाटे अक्कलकोट, परतीची गाडी रात्रीची. मधे अर्धा दिवस रिकामा. "दादा, तुमचं सोलापूर तरी दाखव की," म्हणाली. मी छाती फुगवून हो म्हटलं. जन्म बाळीवेशीतला, पंचावन्न वर्षं इथंच गेली, माझ्यापेक्षा कोण दाखवणार!

साडेनऊला चार पुतळ्यांपासून निघालो. किल्ला, सिद्धरामेश्वरांचं देऊळ, पंचकट्टा, विजापूर वेस, माणिक चौक, मधला मारुती, चाटी गल्लीत चादरखरेदी, मग घर. नकाशावर हे अंतर काहीच नाही. आम्ही दीड वाजता पोचलो, तेही शेवटचा तुकडा रिक्षानं. शहर मी बघतच नव्हतो हो, सासूबाईंचे गुडघे बघत होते. आणि गुडघ्यांना जे दिसतं ते मला कधी दिसलं नव्हतं.

आधी चांगलं सांगतो. पुतळ्यांपाशी भाऊजींनी विचारलं, हे चौघं कोण? मी म्हटलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. भाऊजी शाळामास्तर माणूस. ते खिळून उभे राहिले. चार जाती-धर्मांची चार नावं एकाच दिवशी फासावर गेली, हे त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. पुढं देवळाच्या तळ्यापाशी ते परत तोच विषय काढत होते. म्हणजे सांगणारा माणूस भेटला की आपलं शहर पाहुण्याला धरून ठेवतं. मी नसतो तर त्यांनी चार पुतळ्यांचा एक फोटो काढला असता आणि पुढं गेले असते.

किल्ल्याचं तिकीट पंचवीस रुपये, मोबाइलवरून काढलं तर वीस. आत बाग, तटबंदी, खंदकाच्या अंगाला सिद्धेश्वर तलाव. उन्हात तळ्यावरून वारा येत होता. सासूबाईंना तो वाराच आवडला फार. त्यानंतर मात्र गाडी घसरली.

मी सवयीनं पावलं मोजतो (डॉक्टरनं लावलेली सवय). एकदा बसायला मिळालं, तिथून पुढचं सावलीतलं बसायचं ठिकाण सहाशे बारा पावलांवर. मधे एक बाक होता, पण भर उन्हात, आणि दगडी. त्यावर कोण बसणार? कुत्रंसुद्धा त्याच्याखाली झोपलं होतं, वर नाही.

आणि मग ते कुलूप. कुठलं स्वच्छतागृह ते लिहीत नाही, उद्या सुधारलं तर बिचाऱ्यांच्या नावावर डाग नको. इमारत छान. फरशी, बाई-बाप्याची चित्रं, सगळं जागच्या जागी. दाराला कुलूप. गंजलेलं असतं तर एक वेळ समजलं असतं; हे चकचकीत होतं, म्हणजे रोज कोणीतरी उघडतं. कोण, ते तिथं कुठंच लिहिलेलं नाही. शेवटी एका कापडदुकानदारानं सासूबाईंची चुळबूळ ओळखली. "मालक, वर घर आहे आमचं, पाठवा आईंना," म्हणाला. सोलापूरची माणसं अशी आहेत म्हणून शहर चाललंय. पण त्यानंतर सासूबाईंनी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. बाटली पुढं केली की "नको रे बाबा" म्हणायच्या. घरी आल्यावर डोकं धरून पडल्या.

२०१६ च्या जानेवारीत देशातली पहिली वीस स्मार्ट शहरं जाहीर झाली, त्यात आपण नववे होतो. त्यामुळं पैसा आलाच नाही असं रडगाणं मी गाणार नाही. रंगभवनाकडचा रस्ता बघा, होम मैदानाचा भाग बघा, काम दिसतंय. माझं म्हणणं एवढंच, की केलेल्या कामाची परीक्षा कोण घेतं? उद्घाटनाच्या दिवशी ते कसं होतं याचे फोटो आहेत. दोन वर्षांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते कसं लागतं, हे कुणी बघितलंय का? ते आपणच करू या का? फक्त जुन्या गावापुरतं. वही, टेप आणि चार माणसं.

---

कडक_भाकरी

काय बे बाळीवेसकर, पाहुण्यांना चार तास चालवलास आणि शेंगा चटणीचा उल्लेखसुद्धा नाही? नाशिकवाले काय म्हणतील!

बाकी बाकाखालच्या कुत्र्याला समितीचा अध्यक्ष करा. त्याला कळतं.

---

हुरडा_पार्टी

विषय चांगला, पण किती लहान विचार करायचा? बाक नि संडास यांनी कधी टुरिझम वाढलाय का? मोठं काहीतरी पाहिजे. किल्ल्यात रात्रीचा लाइट अँड साऊंड शो, तलावात बोटिंग, कारंजी. विमानतळ चालू झालाय, २०२५ च्या जूनपासून गोव्याचं विमान आहे. वंदे भारत २०२३ पासून आहे. लोक येतील, त्यांना 'वॉव' म्हणायला लावणारं काय आहे आपल्याकडं?

आणि स्वच्छतागृहाचं म्हणाल तर किल्ल्यापासून शंभर मीटरच्या आत एक वीटसुद्धा लावता येत नाही. केंद्राचा कायदा आहे. त्यामुळं त्यावर चर्चा करून उपयोग नाही.

---

बाळीवेसकर

वंदे भारत मुंबईहून येते ती रात्री साडेदहाच्या पुढं, आणि सकाळी सहाला परत जाते. ती सोलापूरकरांना मुंबई दाखवायला आहे, मुंबईकरांना सोलापूर दाखवायला नाही :) मुक्कामाला आला तर गोष्ट वेगळी. पण मुक्काम करावा असं त्याला वाटलं पाहिजे ना.

शंभर मीटरचं मला माहीत नव्हतं. खरं असेल तर निम्मा धागा इथंच संपला.

---

मोजपट्टी

संपला नाही. मी पस्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर ओव्हरसियर म्हणून काढली, आता निवृत्त. हे शंभर मीटरचं वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की प्रत्येक वेळी रुपया घेतला असता तर आज फार्महाऊस असतं.

कायदा आहे १९५८ चा, प्राचीन स्मारकांचा. त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित, त्याच्यापुढं आणखी दोनशे मीटर नियंत्रित. इथपर्यंत हुरडा_पार्टी यांचं बरोबर. पण त्याच दुरुस्तीत 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या दिलीय, आणि ती कुणी वाचत नाही. गटारं, सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या, लोकांसाठी पाणीपुरवठ्याची कामं, विजेची सोय, ही त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेली आहेत. म्हणजे ज्या कामांना कायदा आडवा येतो म्हणून आपण हात झटकतो, नेमकी तीच कामं कायद्यानं बाजूला काढून ठेवलीत.

याचा अर्थ उद्या कुदळ घेऊन जा असा नाही. खुद्द स्मारकाच्या हद्दीत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक खड्डाही काढता येत नाही, आणि काढूही नये. तिथं खाली काय पुरलंय कुणास ठाऊक. पण बाहेरच्या रस्त्यावर पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह यांना "कायद्यात बसत नाही" हे उत्तर चालणार नाही. कागद मागा, लेखी उत्तर घ्या.

आता मोजणीचं. हौसे-गवश्यांनी मोजलं की चुका होतात म्हणून सांगतो. फुटपाथ कडेपासून कडेपर्यंत मोजू नका. डीपी, झाड, पाटी, पायऱ्या, उभी केलेली गाडी हे सगळं वजा करून जी मोकळी पट्टी उरते ती मोजा. निदान १.८ मीटर पाहिजे, म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर कुणाला खाली उतरावं लागू नये. जुन्या पेठांत ते मिळणार नाही, रस्ताच तेवढा नाही. तिथं फुटपाथचा हट्ट सोडा आणि काही तास गाड्या बंद ठेवता येतात का ते बघा.

रॅम्पचा उतार एकास बारा. सहा इंचांची पायरी असेल तर रॅम्प सहा फूट लांब पाहिजे. आपल्याकडं सहा इंचाला दोन फूट करतात. त्यावर व्हीलचेअर चढत नाही, फक्त दुकानदाराची मोटारसायकल चढते. मला वाटतं तो मोटारसायकलसाठीच केलेला असतो.

---

हुरडा_पार्टी

माघार घेतो. व्याख्येचं माहीत नव्हतं. लाइट अँड साऊंड मात्र सोडणार नाही.

---

दोन_वेण्या

धागाकर्त्याच्या सासूबाईंनी (मावसबहिणीच्या सासूबाईंनी, सॉरी) पाणी पिणं बंद केलं, ही या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि त्यावर एकाही पुरुषानं चकार शब्द काढला नाही. म्हणून मी काढते.

आम्ही बायका घरातून निघतानाच हिशोब करतो. कुठं जायचंय, किती वेळ, मधे सोय आहे का, नसेल तर सकाळचा चहा अर्धा. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना, हा हिशोब म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. माझ्या आईला यातूनच मूत्रमार्गाचा त्रास लागला. आम्ही देवदर्शनाहून आलो की दुसऱ्या दिवशी दवाखाना, हे ठरलेलं.

म्हणून वहीत 'स्वच्छतागृह आहे / नाही' असा रकाना करू नका. सगळीकडं 'आहे' येईल. आत जा. कडी लागते का? पाणी नळाला आहे की ड्रममध्ये? दिवा? पिशवी अडकवायला खिळा? (हसू नका. खांद्याला पर्स, हातात प्रसाद, एका हातानं साडी सावरायची, दुसऱ्या हातानं दार धरून ठेवायचं. करून बघा.) डबा आहे का? आणि संध्याकाळी सातनंतर बाई एकटी तिथं जाईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुरुषानं भरायचं नाही.

---

मोजपट्टी

दोन_वेण्या, खिळ्याचं लिहून घेतलं. पस्तीस वर्षांत एकाही एस्टिमेटमध्ये मी खिळा धरला नव्हता. खरंच सांगतो.

---

उत्तर_कसबा

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही ज्या भागाला 'ऐतिहासिक' म्हणताय तिथं आम्ही राहतो. आमच्या वाड्याचा दरवाजा सागवानी, कोरीव. मागच्या हिवाळ्यात एक ग्रुप आला, दारात उभा राहून फोटो काढत होता. माझी आजी आत भाजी निवडत बसली होती, तिचाही काढला. विचारलं नाही. वर एकजण म्हणाला, "काय ऑथेंटिक आहे!" आजीनं मला विचारलं, तो शिवी देत होता का.

आमच्याकडं पाणी काही दिवसाआड येतं. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी गल्ली बघा. मोटारी, पाईप, बॅरल, बादल्या, पोरं, ओरडाआरडा. पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या वॉकची वेळ आणि आमच्या नळाची वेळ एक झाली तर काय करणार? आम्ही बादल्या आत घ्यायच्या का?

पाहुण्यांसाठी म्हणून काही करू नका. आमच्यासाठी करा, ते पाहुणेही वापरतील. सावलीतला बाक माझ्या आजीला आधी पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याचा एक नळ आला तर नाशिकच्या आधी आम्ही दुवा देऊ. उलटं झालं, म्हणजे आमचा ओटा पाडून तिथं कुंड्या ठेवल्या, तर मी पहिला आडवा पडेन.

---

बाळीवेसकर

राग कसला. मीही गल्लीतलाच. वहीचं पहिलं पान तुमच्या आजीचं.

---

साबरमती_रिटर्न

अकरा वर्षं अहमदाबादला नोकरी केली म्हणून लिहितो. ते शहरही आपल्यासारखंच गिरण्यांचं. आपली जुनी मिल १८७७ ची, त्यांच्या गिरण्याही त्याच जमान्यातल्या. दोन्हीकडचे भोंगे बंद पडले आणि दोन्ही शहरांना काही वर्षं आपण कोण तेच कळेना.

तिथं महापालिकेनं १९९७ साली हेरिटेज वॉक सुरू केला. सकाळी आठला काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, चालत जामा मशिदीशी संपवायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कंटाळत गेलो होतो. गाइड म्हणजे कुणी इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. हा चबुतरा पक्ष्यांना दाणे टाकायचा, हे घराखालचं पावसाचं पाणी साठवायचं टाकं, ही या पोळातून त्या पोळात निघणारी गुप्त वाट, असं साधं सांगत होता. माणसं ओट्यावर दात घासत बसलेली, त्यांना याची सवय. युनेस्कोचा जागतिक वारसा शहराचा शिक्का मिळाला २०१७ मध्ये. म्हणजे आधी वीस वर्षं मुकाट्यानं वॉक चालवला.

उत्तर_कसबा यांचा मुद्दा तिथंही होता. लहान गट आणि सकाळची वेळ, यानं बरंचसं निभावतं. पन्नास जणांचा घोळका आणि माईक आला की गल्लीवाले चिडणारच.

---

काठीवाला_६८

साबरमती_रिटर्न यांचं वाचून राहवलं नाही. आपल्याला वाट आखायची गरजच नाही हो. ती आठशे वर्षांपूर्वी आखून ठेवलीय.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आधी, सात नंदीध्वज (आम्ही त्यांना काठ्या म्हणतो) हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि या लिंगांना तैलाभिषेकाची प्रदक्षिणा होते. मग सम्मती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर होम, दारूकाम. मी दहा-बारा वर्षं काठी धरलीय. पांढरी बाराबंदी घालून, अनवाणी. त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा माझ्या तळपायाला माहीत आहे. मोजपट्टी साहेब, तुमच्या टेपपेक्षा ते अचूक.

आणि बघा, यात्रेच्या त्या दिवसांत सगळं होतं. खड्डे बुजतात, काठ्या उंच म्हणून आडव्या आलेल्या वायरी वर घेतल्या जातात, पाण्याची सोय होते, फिरती स्वच्छतागृहं येतात. लाखो माणूस येऊन जातो. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. जानेवारीत जमतं. फेब्रुवारीत काय होतं तेवढंच शोधायचं.

माझी सूचना: अडुसष्ट एकदम नको. हिरेहब्बू वाडा, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा, देऊळ. एवढाच तुकडा धरा. तोच पाहुण्यांना दाखवा, तोच मोजा. माणूस चपला घालून चालला तरी चालेल :)

---

साखरपेठ_लूम

आमच्या पूर्व भागाला नेहमीप्रमाणं कोणी विचारलं नाही. पेठा म्हटल्या की तुमचं जग माणिक चौकात संपतं.

धागाकर्त्यानं पाहुण्यांना चादर घेऊन दिली. चांगलं केलं. पण ती कुठं तयार होते ते दाखवलं का? आमचे पणजोबा तेलंगणातून माग घेऊन आले. घरात आजही तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाईक विजापूरचं असेल तर कानडी. आमच्या कारखान्यात परवा एक फ्रेंच बाई आली, कुणाच्या तरी ओळखीनं. नक्षी विणणाऱ्या जकार्डची पंच केलेली कार्डं एकामागून एक वर जातात आणि खाली चादरीवर मोर उमटतो, हे ती दीड तास बघत बसली. आवाज एवढा की बोलता येत नाही. ती नुसती कार्डाकडं बोट दाखवायची, मग मोराकडं, मग परत कार्डाकडं. जाताना चार चादरी घेतल्या, घासाघीस न करता.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. तो कागद फ्रेम करून लावण्यापलीकडं आम्हाला त्याचा काय उपयोग? लूम बघायला माणूस आला तर होईल. पण सरसकट सगळ्यांना आत घेता येणार नाही, हेही सांगतो. पट्टे उघडे असतात, ओढणी-पदर अडकला तर जीव जाईल. आठवड्यातून एक दिवस, एक कारखाना, दहा माणसं, मधे कठडा. एवढं कोणी बसवून दिलं तर माझा कारखाना पहिला घ्या.

---

कडक_भाकरी

साखरपेठ_लूम, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पाहुण्यांना घेऊन या म्हणावं. त्या दिवशी अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो, वेगळं काही दाखवायची गरज नाही.

अवांतर: डॉ. कोटणीसांचं घर कुणाच्याच यादीत कसं नाही? भय्या चौकाजवळ स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्म, १९४२ साली चीनमध्ये मृत्यू. चीनची माणसं एवढ्या लांबून ते बघायला येतात आणि आपण शेजारून वडापाव खात जातो. मी पण त्यातलाच.

---

दोन_वेण्या

मी मागच्या महिन्यात मुलांना घेऊन गेले होते कोटणीस स्मारकात. रिक्षावाल्याला 'कोटणीस स्मारक' सांगितलं तर कळलं नाही, 'भय्या चौक' म्हटल्यावर लगेच निघाला. पाट्या लावाल तेव्हा रिक्षावाले काय म्हणतात तेही खाली लिहा. नकाशातलं नाव आणि तोंडातलं नाव यांची सोलापुरात गाठ पडत नाही.

---

बाळीवेसकर | शुक्रवार, रात्री ८.१५

ताजी खबर. त्या कुलपाचा छडा लागला.

आज कामावरून येताना मुद्दाम तिकडं वाकडी वाट केली. कुलूप होतंच. बाजूला, हाताच्या अंतरावर म्हणा ना, एक पानटपरी आहे. सहज विचारलं, "मालक, ह्याची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडंच की." सुपारीच्या डब्याशेजारून काढून हातात दिली. लाल दोरा बांधलेला.

आत गेलो. मंडळी, स्वच्छ होतं! माझ्या ऑफिसपेक्षा स्वच्छ. ड्रम भरलेला, वर झाकण, पाण्याचा मग उलटा घातलेला. बाहेर येऊन विचारलं, मग कुलूप कशाला?

"रात्रीचे नळ नेले की दोन वेळा. पितळी होते. झाडायला मावशी येतात त्यांनी कुलूप आणलं स्वतःच्या पैशानं, आणि किल्ली माझ्याकडं ठेवली. ड्रम मी भरतो."

"मग बोर्ड का लावला नाही? माणसं कुलूप बघून परत जातात."

तो माझ्याकडं बघत राहिला. "विचारलं की देतो ना. कोण विचारतच नाही."

रविवारी सासूबाई त्याच्यापासून दहा फुटांवर उभ्या होत्या. मी त्याच टपरीवरून बाटली घेतली होती. पाण्याची!

कुठल्याही अहवालात हे स्वच्छतागृह 'बंद' म्हणून लागेल किंवा 'चालू' म्हणून. दोन्ही खोटं. आणि या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

---

मोजपट्टी

नळ प्लास्टिकचे बसवा म्हणावं, चोराला त्यात रस नसतो. आणि टपरीवाला गावाला गेला की काय?

---

बाळीवेसकर

विचारलं मी. आषाढीला पंढरपूरला जातो, आठ-दहा दिवस टपरी बंद. म्हणजे बाहेरगावची माणसं सगळ्यात जास्त फिरत असतात, नेमके तेच दिवस. यावर अजून उत्तर नाही.

---

उत्तर_कसबा

दुसरी किल्ली समोरच्या दुकानात ठेवा. पण त्या टपरीवाल्याला महिन्याला काहीतरी मिळालं पाहिजे. फुकटची सेवा दोन वर्षं टिकते, मग चिडचिड सुरू होते.

---

साखरपेठ_लूम

बोर्ड मी रंगवून देतो. ऑइलपेंट आहे घरात. 'किल्ली शेजारच्या टपरीवर मिळेल.' मराठीत, तेलुगूत आणि कानडीत. तेलुगूत किल्लीला 'ताळम् चेवी', म्हणजे कुलपाचा कान. कानडीचं कोणीतरी सांगा.

---

काठीवाला_६८

आमच्याकडं कुलूप म्हणजे 'कीली' आणि किल्ली म्हणजे 'कीलीकै'. नुसतं 'कीली' लिहिलंत तर अक्कलकोटहून आलेला कानडी माणूस टपरीवर कुलूप मागेल.

बाण काढा मोठा. बाण सगळ्या भाषांत चालतो.

---

हुरडा_पार्टी

बोर्डाला वरून एक छोटा दिवा लावा. सोलरचा. मी देतो. माझा लाइट अँड साऊंड शो समजा त्याला.

---

बाळीवेसकर

ठरलं मग. येत्या रविवारी सकाळी साडेसहा, हिरेहब्बू वाड्यापासून देवळापर्यंत. मोजपट्टी टेप आणतील, दोन_वेण्या आतली पाहणी करतील, उत्तर_कसबा गल्लीत पाणी सुटायची वेळ आदल्या रात्री कळवतील म्हणजे आपण मधे तडमडणार नाही. हाच फेरा मे महिन्यात दुपारी दोनला परत करायचा. गुडघे दुखणारं माणूस कुणाच्या घरात असेल तर सोबत आणा, त्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

---

कडक_भाकरी

आमचे अप्पा येतो म्हणालेत. वय एक्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, दर शंभर पावलांना बसतात आणि बसले की जुन्या मिलच्या भोंग्याची गोष्ट सांगतात. त्यामुळं वेळ जास्त धरा. अट एकच आहे त्यांची, संध्याकाळी पार्क चौकात शीक कबाब. डॉक्टरांना कळवू नका.